अंतराचं बिल कोणी भरायचं?

तुमच्यापैकी अनेकजण उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कायला जाऊन आले असतील. डोंगर, धुकं, मेंढ्या, एकपदरी रस्ते आणि समोरून गाडी आली की मागे घेत बसणं. परतताना गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "इथे रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर काय करत असतील?" हा प्रश्न इथल्या सरकारने शंभर वर्षांपूर्वी अगदी गंभीरपणे विचारला होता. त्याला मिळालेलं उत्तर आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एनएचएसच्या पगारावर चूल पेटली आहे.

एनएचएस म्हटलं की १९४८ साल आणि अन्युरिन बेव्हन हे नाव, एवढं मुलांनाही माहीत असतं. पण सरकारी पैशाने चालणारी आरोग्यसेवा ब्रिटनमध्ये त्याआधी पस्तीस वर्षं, स्कॉटलंडच्या उत्तरेला आणि बेटांवर सुरू झाली होती.

झालं असं. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन, सरकारने दोन, आणि आजारपणात डॉक्टर मिळायचा. ग्लासगोच्या गोदी कामगाराला हे ठीक होतं. हायलँड्समधल्या क्रॉफ्टरला मात्र मालकच नव्हता. खंडाने घेतलेला जमिनीचा तुकडा, चार मेंढ्या, बटाटे, थोडी मासेमारी. हातात रोख पैसा वर्षातून एखाद्या वेळी. तो आठवड्याचे चार पेन्स कुठून भरणार, आणि मालकाचे तीन कोण भरणार? आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पगारदाराची योजना लावावी, तसाच हा प्रकार.

म्हणून १९१२ मध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष सर जॉन ड्यूअर, इन्व्हर्नेस-शायरचे खासदार. (होय, व्हिस्कीवाल्या ड्यूअर घराण्यातलेच.) समिती लंडनमध्ये बसून राहिली नाही. आगगाडी, बोट, मोटार, जे मिळेल त्याने बेटाबेटावर गेली आणि डॉक्टर, धर्मगुरू, शिक्षक, क्रॉफ्टर यांच्या साक्षी घेतल्या. अहवाल त्याच वर्षी २४ डिसेंबरला सादर झाला. आपल्याकडच्या समित्यांचा अनुभव असलेल्यांनी ही तारीख पुन्हा एकदा वाचावी!

अहवालात जे आलं ते ओळखीचं वाटेल. कित्येक ठिकाणी माणसं डॉक्टरचं तोंडही न पाहता मरत, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर वैद्यकीय कारणच नसे. बाळंतपणं गावातल्या अनुभवी बायका करत. डॉक्टरांची स्थितीही फार बरी नव्हती: पडकं घर, सुट्टी नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि स्थानिक पॅरिश कौन्सिलची मर्जी फिरली तर नोकरीही नाही. मुख्य अडचण होती अंतराची. वीस मैल घोड्यावरून किंवा होडीतून आलेल्या डॉक्टरने त्या प्रवासाचे पैसे मागितले तर ते रास्तच. पण ते द्यायची रोग्याची ऐपत नसे. मग रोगी डॉक्टरला बोलावतच नसत. जो जितका लांब राहतो, त्याला उपचार तितका महाग.

१९१३च्या कायद्याने वर्षाला ४२,००० पौंडांचं अनुदान दिलं आणि 'हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस' उभी राहिली. तिची एक अट मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्या भेटीचे पाच शिलिंग, पुढच्या प्रत्येक भेटीचे साडेतीन, बाळंतपणाचा एक पौंड. रोगी डॉक्टरच्या शेजारी राहो की खाडीपलीकडे, दर तोच. ज्याला तेही जमत नाही, त्याला परत पाठवायचं नाही. मधल्या मैलांचा खर्च सरकारी निधीतून. डॉक्टरला वर्षाला किमान ३०० पौंडांची हमी, राहायला घर, प्रवासखर्च, आणि सुट्टीवर जाताना बदली डॉक्टर. डॉक्टर सरकारचे नोकर झाले नाहीत, फक्त अंतराची किंमत रोग्याच्या खिशातून उचलून सगळ्यांच्या खिशात घातली गेली. १९२९ पर्यंत या योजनेत १५० ठिकाणी १६० डॉक्टर आणि १७५ परिचारिका काम करत होत्या.

ही कीर्ती समुद्रापलीकडे गेली. मेरी ब्रेकिनरिज नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९२४ मध्ये इथे येऊन हे काम पाहिलं आणि पुढच्या वर्षी केंटकीच्या डोंगरात घोड्यावरून फिरणाऱ्या परिचारिकांची सेवा सुरू केली. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या आपल्या भावंडांना हे जरूर सांगा.

पुढची गोष्ट विमानांची. १४ मे १९३३ रोजी आयला बेटावरचा एक मच्छीमार पोटाच्या दुखण्याने मरणाच्या दारात होता. बोटीचा लांबचा प्रवास त्याला झेपणार नव्हता. मिडलंड अँड स्कॉटिश एअर फेरीज या खाजगी कंपनीचं दोन इंजिनांचं ड्रॅगन विमान त्याला घेऊन ग्लासगोजवळच्या रेनफ्रूला उतरलं. ही कंपनी काढणारे जॉन सोर्ड मूळचे बसवाले! पूर्ण वेळ रुग्णांसाठी वेगळी विमानं ठेवणं तेव्हा कुणालाच परवडलं नसतं. रोजची प्रवासी विमानंच गरज पडली की खुर्च्या काढून रुग्णवाहिका होत. विमान कंपनीचं, डॉक्टर योजनेचा, आणि १९४८ नंतर बिल एनएचएसचं, अशी ती भागीदारी.

तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलच्या परिचारिका या उड्डाणांवर स्वेच्छेने जात. २८ सप्टेंबर १९५७ च्या रात्री आयलाला रुग्ण आणायला निघालेलं विमान खराब हवेत कोसळलं. वैमानिक, रेडिओ ऑफिसर आणि सिस्टर जीन केनेडी, तिघेही गेले. पुढे ब्रिटिश युरोपियन एअरवेजने आपल्या एका विमानाला तिचं नाव दिलं.

महाराष्ट्रात हेच सूत्र वेगळ्या रूपात दिसतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेत पैसा सरकारचा आणि रुग्णवाहिका चालवणारी कंपनी खाजगी. नर्मदेकाठच्या नंदुरबारमधल्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. तरीही पावसाळ्यात गरोदर बाईला झोळीतून आणल्याची बातमी दरवर्षी येतेच, कारण रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथे थांबते. ड्यूअर समितीने डॉक्टरांबरोबर रस्ते आणि तारयंत्राचाही विचार केला होता तो याचसाठी.

आणि इथेही सगळं सुटलेलं नाही. हायलँड्स आणि बेटांवरच्या रुग्णाला हॉस्पिटलसाठी तीस मैलांहून जास्त जावं लागलं तर प्रवासखर्च परत मिळतो. समुद्रमार्गे पाच मैलांहून जास्त असेल तरी मिळतो. १९१३ची अट अशी अजून जिवंत आहे. पण विकचा प्रसूती विभाग आता फक्त सुईणी चालवतात, डॉक्टर नसतात. त्यामुळे केथनेसमधल्या बहुतेक बायकांना बाळंतपणासाठी इन्व्हर्नेस गाठावं लागतं: शंभर मैलांहून जास्त, ए-नाइन रस्त्याने, हिवाळ्यात बर्फातून. पेट्रोलचे पैसे मिळतात. तिथल्या बायका मात्र डॉक्टर परत मागत आहेत.