डब्यातल्या धावांचा भाव

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, झाकणाला गंज चढलेला. पावसाळ्याआधी वसईच्या आमच्या घरचा माळा साफ करताना तो खाली आला आणि धाकट्या भावाचा चेहरा उजळला. आत १९८७च्या आसपासची, बिगफन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटची कार्डं होती. त्याखाली कुस्तीवीरांची ट्रम्प कार्डं. अमेरिकेत मिकी मँटल नावाच्या बेसबॉलपटूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, ही बातमी भावाने वाचलेली होती. मुलीच्या इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी डोक्यावर होती. ‘‘भाई, यातलं एखादं जरी लागलं ना, तरी सुटलो,’’ तो म्हणाला. मुंबईच्या फुटपाथवर जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाने मात्र अख्ख्या डब्याचे पाचशे रुपये सांगितले.

कोटी आणि पाचशे. यांच्या मधे खरा भाव कुठे बसतो, हे शोधायला निघालो आणि मला सापडला तो या कार्डांचा इतिहास.

सुरुवात सिगारेटपासून होते. पूर्वी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत. १८८०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी त्या तुकड्यावर खेळाडूंची चित्रं छापली. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. आपले रणजितसिंहजीही त्या जमान्याच्या कार्डांवर झळकले. धूर वडिलांचा, चित्र मुलाचं, अशी ती वाटणी! पहिल्या महायुद्धात कागद टंचाईने ही कार्डं थांबली, पुन्हा सुरू झाली आणि १९४०मध्ये दुसऱ्या महायुद्धाने इंग्लंडमधला तो प्रकार जवळपास संपवला.

तोवर कार्डाला भाव असा नव्हताच, अदलाबदल होती. भाव आला तो यादीमागून. लंडन सिगारेट कार्ड कंपनी १९२७ साली निघाली आणि १९२९मध्ये तिने किमतींची यादी छापली. अमेरिकेत हे काम जेफरसन बर्डिक या माणसाने केलं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावचा हा गृहस्थ. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पण मिळेल ते कार्ड गोळा करून त्याने प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. संग्राहक आजही ‘टी २०६’ म्हणतात, तो क्रमांक त्याचाच. १९०९ ते १९११ या काळातल्या या मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड फार थोडं छापलं गेलं, कारण त्याने आपलं चित्र वापरायला हरकत घेतली. सिगारेटबरोबर ते मुलांच्या हाती जाऊ नये म्हणून, असं काहीजण म्हणतात. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं दुसरे. १९३०च्या दशकात यादीत त्याची किंमत ५० डॉलर होती. ऑगस्ट २०२१मध्ये एक प्रत ६६ लाख डॉलरवर गेली.

बर्डिकने स्वतः काय केलं? तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील चिठ्ठ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला देऊन टाकल्या. त्या दुखऱ्या हातांनी तो वर्षानुवर्षं तिथे बसून वह्यांत चिकटवत राहिला. जानेवारी १९६३मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला. गंमत अशी की चिकटवलेल्या कार्डाची किंमत बाजारात कोसळते!

कारण दुसरी गोष्ट असते अवस्था. कोपरे टोकदार हवेत, घडी नको, पाठीवर डाग नको. १९९१पासून अमेरिकेत कार्डांना १ ते १० गुण देऊन पारदर्शक पेटीत बंद करून देणाऱ्या कंपन्या भरभराटीला आल्या. गुणांवर विश्वास ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून. वॅग्नरचं सगळ्यात देखणं म्हणून गाजलेलं कार्ड २००७मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. त्याच्या कडा आपणच कापल्याचं बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केलं.

वय मात्र फसवं. मँटलचं १९५२चं कार्ड महाग, कारण न खपलेले खोके १९६०च्या सुमारास समुद्रात ओतून टाकल्याचं खुद्द कंपनीचा माणूस सांगत असे. त्यानंतर १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांनी ‘उद्या सोनं होईल’ म्हणून कार्डांचे खोकेच्या खोके जपून ठेवले, कंपन्यांनीही बेसुमार छापली. ती आज कवडीमोल आहेत. सगळ्यांनीच जपलं, तर दुर्मीळ काय राहणार?

आमच्या डब्याचं उलटं होतं. बिगफनच्या कार्डांवर धावा आणि बळी छापलेले असत. ठरावीक धावा भरल्या की आमच्या गल्लीतला दुकानदार ती कार्डं परत घेऊन छोटी पुस्तिका द्यायचा. पानं भरभर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसायचा. म्हणजे जो मुलगा जिंकला, त्याच्याकडे कार्डं उरलीच नाहीत! उरली ती हरलेल्यांकडे. ट्रम्प कार्डं तर खेळून खेळून मऊ पडली. १९८७च्या विश्वचषकात ५ नोव्हेंबरला वानखेडेवर गूचने स्वीप मारून मारून ११५ धावा केल्या आणि भारत उपांत्य सामन्यात हरला, तेव्हा भावाने एका कार्डावर बॉलपेनने मिशा काढल्या होत्या. ते कार्डही डब्यात निघालं. बाजाराच्या हिशेबी ते बाद.

तरीही पाचशे हा भाव मला मान्य झाला नाही. घेणारा आणि विकणारा एकच यादी उघडून बसतील, असं आपल्या बबलगमच्या कार्डांचं झालेलं नाही. अशा वेळी आकडा सांगतो तो घेणारा. वसईजवळच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६पर्यंत ओळखीवाचूनच पडून होता, हे मला यानिमित्ताने आठवलं. दगड तोच, वाचणारा उशिरा आला.

मग आम्ही यादी करायला बसलो. खेळाडूचं नाव, कार्डावरचा क्रमांक, मागचा मजकूर, कोपऱ्यांची अवस्था. दोन्ही बाजूंचे फोटो. इंटरनेटवर कुणी किती ‘मागतो’ ते भावाला मी लिहू दिलं नाही. प्रत्यक्षात किती ‘मोजले’ गेले तेवढंच लिहायचं. त्यातून लिलाववाल्याची दलाली आणि टपालखर्च वजा. डब्यात रणजींचं कार्ड निघालं असतं, तर आणखी एक विचारणा करावी लागली असती. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२च्या कायद्याने बंधन आहे.

एकंदर १४३ कार्डं भरली. कोपरे शाबूत असलेली नऊ. फी पतपेढीच्या कर्जातून गेली. फुटपाथवाल्याचा परवा पुन्हा फोन आला, या वेळी बाराशे म्हणाला. भावाने विचारलं, ‘‘कुठल्या कार्डाचे?’’ पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.