कालचे काल, आजचे आज

गोरेगावचा फिल्मिस्तान स्टुडिओ 1943 साली निघाला. स्टुडिओची रीत तुम्हांला ठाऊक असेल. आज जिथे राजवाडा, तिथेच उद्या खेड्यातली झोपडी. जागा एकच, पण ‘अनारकली’तला तुकडा कुणी ‘नागिन’मध्ये जोडत नाही, प्रत्येक तुकड्यापुढे क्लॅपची पाटी धरलेली असते. आता बघा, रोज तोच गोरेगावचा फलाट, तीच लोकल. तरी छत्री डब्यात राहिली ती काल की आज, हे आपण सांगतोच ना? मग मेंदूतली पाटी कोण धरतो?

‘अनारकली’ आला त्याच 1953 साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या फेफऱ्याने बेजार झालेल्या 27 वर्षांच्या तरुणावर डॉ. स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया केली. दोन्ही कानशिलांच्या आतला हिप्पोकॅम्पस (समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून हे नाव) त्यांनी बराचसा काढला. फेफरे कमी झाले, लहानपणच्या गोष्टीही शाबूत राहिल्या. पण नवी आठवण म्हणून टिकेना. नुकताच भेटलेला माणूस बाहेर जाऊन परत आला की परका! ब्रेंडा मिल्नर आणि स्कोव्हिल यांनी 1957 साली हे प्रसिद्ध केले. स्मृतीचा पत्ता शास्त्राला लागला, किंमत मात्र त्या तरुणाने आयुष्यभर मोजली.

पत्ता लागला, पण सारख्या आठवणींचा गुंता सुटतो कसा? 1971 साली डेव्हिड मार या तरुण इंग्रज संशोधकाने कागदावर आराखडा मांडला: अर्ध्या खुणेवरून सबंध आठवण उभी राहायला हवी, तर एकेका आठवणीला थोड्याच पेशी खर्चाव्यात. हिप्पोकॅम्पसच्या दाराशी एक दातेरी वळी असते. उंदराच्या मेंदूत तिथे सुमारे 2 लाख पेशींचे धागे येतात आणि आत 10 लाख बारीक पेशी बसलेल्या. एका वेळी त्यांतल्या अगदी थोड्या जाग्या होतात. म्हणून जुळ्या अनुभवांनाही पेशींचा निराळा मेळ मिळतो.

2007 साली नॉर्वेत मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत उंदराची चौकोनी पेटी हळूहळू गोल करीत नेली. फरक नखाएवढा, तरी वळीतल्या पेशींचा ठेका बदलला! पुढच्याच वर्षी माणसांना जवळजवळ सारखी चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूच्या छायाचित्रांतही याच भागात हालचाल दिसली.

वय झाले की हे काम मंदावते. ‘गोळी घेतली ती आज की काल?’ हा प्रश्न मग थट्टेचा राहत नाही. रक्तदाबाची गोळी दोनदा पोटात जाऊ शकते. आमच्या घरी वारांचे कप्पे असलेली डबी आणली आहे. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की वाद मिटतो.