काणी, चाबूक आणि पाचट

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाभोवतीचा शिरोळचा मुलूख, ज्याचा बराचसा भाग करवीर संस्थानच्या अंमलाखाली आणि काही गावे कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या जहागिरीत होती, आज उसासाठी प्रसिद्ध असला, तरी येथील कुणब्याला बुरशीची ओळख प्रथम ज्वारीने करून दिली. कणसात दाण्याच्या जागी राखट पिशवी यावी, मळणीत ती फुटून तिची काळी भुकटी निरोगी दाण्यांना माखावी, आणि तेच दाणे पुढल्या साली बी म्हणून पेरले जावेत, असा हा काणी या बुरशीजन्य रोगाचा क्रम अव्याहत चालत असे. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवण्याचा उपाय प्रसृत केला. पुढे गंधकाची भुकटी चोळण्याची रीत आली, आजच्या मापाने किलोमागे 4 ग्रॅम. इतक्या अल्प खर्चात इतके धान्य वाचवणारी तजवीज आपल्या शेतीच्या इतिहासात विरळाच.

पुढे उपसा सिंचनाचे पाणी आले, सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि जोंधळ्याचे शिवार उसाने व्यापले. परंतु उसालाही त्याची काणी आहेच. पाडेगावच्या संशोधन केंद्राने प्रसारित केलेली को 740 ही जात महाराष्ट्रभर मान्यता पावली, तरी या रोगाला ती सहज बळी पडे. रोगट उसाच्या शेंड्यातून चंदेरी पापुद्र्याचा, हातभर लांब, वाकलेला काळा चाबूक निघतो, आणि पापुद्रा फाटताच उधळलेले बीजाणू कोणाच्याही बांधाला जुमानत नाहीत. म्हणून चाबकावर आधी पोते चढवावे, मग तो कापून बेट समूळ खणून जाळावे, आणि अशा फडाचा खोडवा राखू नये, हा दंडक शेजाऱ्यानेही पाळला तरच फलदायी होतो. बेणेच दूषित असेल तर सारे श्रम व्यर्थ. यास्तव ते 54 अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवून मग मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी वाढवतात.

तथापि सारीच बुरशी घातक नसते: बुरशीच्याच वर्गातले यीस्ट कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क घडवते, आणि ट्रायकोडर्मा मुळे कुजवणाऱ्या बुरशींवरच उपजीविका करते. सर्वांत मोलाची मला वाटते ती पाचट कुजवणारी बुरशी: टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारे संवर्धक दिले, की सरीतल्या ओलाव्यात ती आपले काम करते. हेच पाचट पेटवून देणारा शेतकरी मातीच्या वरच्या थरातील या सेवकांनाही त्याच आगीत लोटतो, याची मला मनापासून खंत वाटते.