तुणतुण्याची खुंटी ते पिच शिफ्टर : नांदेड-लातूर परिसरातील पट्टीबदलाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

गायक बैठकीवर आला की साथीदार त्याला प्रथम पट्टी विचारतो. राग, ताल वा गीत यांचा विचार नंतर होतो. 'काळी एक', 'काळी दोन', 'पांढरी चार' ही पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली नावे आज भजनी मंडळापासून लग्नातील ऑर्केस्ट्रापर्यंत सर्वत्र रूढ आहेत. पट्टी म्हणजे गायकाने आपल्या कंठाला साजेल असा निश्चित केलेला षड्ज. हा षड्ज कोणाच्या सोयीने ठरतो, गायकाच्या की वाद्याच्या, आणि तो बदलण्यासाठी येणारा खर्च कोण सोसतो, या प्रश्नांकडे संगीताच्या इतिहासलेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही. घराणी, राग आणि बुजुर्ग कलावंत यांच्या चरित्रांत हा विषय सहसा तळटीपेपुरताच येतो.

अलीकडे गिटारवादकांत पिच शिफ्टर नावाच्या इफेक्ट यंत्राची चर्चा असते. तार न ताणता किंवा सैल न करता वाद्याचा संपूर्ण स्वर वर-खाली सरकविणारे हे छोटेसे पेडल होय. परवडणाऱ्या किमतीत यांतील कोणते घ्यावे, हा प्रश्न वरकरणी केवळ खरेदीचा वाटतो. परंतु नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील लोकसंगीताच्या पार्श्वभूमीवर पाहिल्यास त्याची मुळे बरीच जुनी असल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात या मुळांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

खुंटी आणि हात

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. याच जिल्ह्यातील माहूर हे रेणुकेचे पीठ. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी आणि देवीच्या गोंधळात गोंधळी ज्या तुणतुण्यावर सूर धरतात, त्याची रचना अत्यंत साधी आहे. लाकडी पोकळ नळकांडे, तळाला कातडे, बाजूला दांडी, एक तार आणि एक खुंटी. गायकाचा आवाज त्या दिवशी बसलेला असेल तर खुंटी किंचित सैल करावयाची, चढा असेल तर पिळावयाची. पट्टी बदलण्यास एक पैसाही लागत नाही आणि वेळ लागतो तो दोन श्वासांचा. येथे षड्ज निःसंशय गायकाच्या मालकीचा आहे.

याहून लक्षणीय वाद्य म्हणजे आराध्यांचे चौंडके. लातूर जिल्हा 1982 मध्ये स्वतंत्र होईपर्यंत जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचा भाग होता आणि तुळजापूरच्या भवानीचा भक्तसंप्रदाय या साऱ्या टापूत पसरलेला आहे. चौंडक्याची तार एका हाताने ताणत व सैल सोडत दुसऱ्या हाताने छेडली जाते. त्यामुळे स्वर एका जागी स्थिर न राहता वर चढतो, खाली घसरतो आणि पुन्हा चढतो. डिजिटेक कंपनीचे व्हॅमी हे पेडल 1990 च्या सुमारास जगभरच्या गिटारवादकांच्या पायाखाली आले. पायाने दाबताच स्वर अखंडपणे वर सरकतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पाश्चात्त्य श्रोत्यांना हा नाद परग्रहावरचा वाटला असेल. आराध्यांच्या मेळ्यात रात्र काढलेल्या माणसाला तो तितका अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

पेटीचे आगमन

हार्मोनियमचे जनकत्व पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यांच्याकडे जाते; त्यांचे काम 1840 च्या दशकातील आहे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये मांडी घालून वाजविता येईल अशी हातपेटी तयार केली. या पेटीने भारतीय संगीताचा व्यवहारच बदलला. तिचे स्वर पितळी पत्त्यांत कायमचे कोरलेले असतात. खुंटी नाही आणि पिळण्याजोगे काहीच नाही. 'काळी एक' आणि 'काळी दोन' यांच्यामध्ये ज्याचा आवाज खुलतो, त्याने कोठे जावे? त्याने वाद्याकडे सरकावे, एवढेच उत्तर होते.

आकाशवाणीने 1940 पासून पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत राहिली. तिच्यावरील मुख्य आक्षेप मींड निघत नाही आणि स्वरांची जागा ठोकळेबाज आहे, हे होते. आक्षेप सौंदर्यशास्त्राचे होते. पट्टीच्या सोयीगैरसोयीची चर्चा त्यात गौण राहिली. बंदीच्या काळातही गावोगावच्या भजनात, कीर्तनात व तमाशात पेटी निर्वेधपणे वाजत होती. याच मराठवाड्याने अप्पा जळगावकर (1922-2009) यांच्यासारखा थोर पेटीवादक दिला. त्यांचे जळगाव म्हणजे खानदेशातील शहर नव्हे, जालना परिसरातील गाव होय. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथील शबद कीर्तनातही पेटी आणि तबला यांची साथ सर्वपरिचित आहे.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. पेटीचे स्वर स्थिर असले तरी कुशल पेटीवाला कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवू शकतो. बोटांची ठेवण मात्र दर वेळी बदलते. पांढरी एकमध्ये सहज जाणारी तान काळी दोनमध्ये अवघड होते. हे कौशल्य मिळवण्यास वर्षे लागतात. ज्यांना ते साधले नाही, पण पैसे होते, त्यांच्यासाठी स्केल चेंजर पेटी आली. तिच्यात संपूर्ण पट्टीफलक बाजूला सरकविता येतो; बोटे तीच राहतात, स्वर बदलतो. साध्या पेटीच्या मानाने ती बरीच महाग असल्याने खेड्यातील भजनी मंडळाच्या आवाक्याबाहेर राहिली. पट्टीबदलाला बाजारभाव प्राप्त झाला तो येथे.

वाद्यांच्या पुरवठ्यात रेल्वेचाही काही वाटा असावा. लातूर 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावर आले आणि 1927 मध्ये हा मार्ग पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचला. तंबोरे व सतारी घडविणाऱ्या कारागिरांचे मिरज त्यामुळे लातूरशी थेट जोडले गेले. (याच दोन शहरांमधील लोहमार्गाने 2016 मध्ये लातूरला पाण्याच्या गाड्या आल्या.) नांदेड मात्र निजामाच्या गोदावरी खोऱ्यातील रेल्वेमुळे हैदराबादशी बांधलेले होते आणि खरेदीसाठी हैदराबादकडे पाहण्याची तेथील सवय आजही पुरती गेलेली नाही.

स्त्रीचा आवाज

पट्टीच्या प्रश्नाची खरी झळ कोणाला बसली, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. पुरुष गायक सामान्यतः काळी एक वा काळी दोनमध्ये गातात. स्त्रियांना काळी चार वा काळी पाच सोयीची पडते. काळी एक आणि काळी चार यांत सात अर्धस्वरांचे अंतर आहे, म्हणजे पुरुषाचा पंचम हा स्त्रीचा षड्ज ठरतो. शास्त्रीय संगीताने यावर मूर्च्छनेच्या आधारे तोड काढली. ज्यांचे बालपण हैदराबाद संस्थानात गेले, त्या पंडित जसराज यांनी स्त्री-पुरुष जुगलबंदीसाठी 'जसरंगी' हा प्रकार याच तत्त्वावर रचला.

परंतु गायन पार्ट्या, कव्वालीचे मुकाबले आणि जयंतीचे कार्यक्रम यांत अशी चैन नव्हती. जेथे पार्टी पुरुषाच्या नावाची, तेथे पट्टीही त्याचीच. सोबतची गायिका एक तर खर्जात घुटमळे किंवा तारसप्तकात आवाज ताणी. पुढे श्रोते म्हणत की तिचा आवाज 'फाटतो'. तो फाटत नव्हता. त्याला चुकीच्या जागी उभे केले जात होते. लावणीच्या फडात स्थिती उलट होती. तेथे गाणारी स्त्री प्रमुख असल्याने पेटीवाला व ढोलकीवाला तिच्या पट्टीला येत. एकूण, पट्टी ही नेहमीच सत्तेची खूण राहिली आहे.

बेंजो, कॅसेट आणि बटण

जपानमधील नागोया येथे 1912 मध्ये तयार झालेले ताइशोगोतो भारतात बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्रात 'बेंजो' म्हणून रुळले. टंकलेखन यंत्रासारखी बटणे, खाली पोलादी तारा. पुढे त्याला पिकअप बसले, अॅम्प्लिफायर जोडला गेला आणि वराती व गणपतीच्या मिरवणुकांत बेंजो पार्टी दिसू लागली. रवी जाधव यांच्या 2016 मधील 'बँजो' या हिंदी चित्रपटात वादकाची भूमिका करणारे रितेश देशमुख मूळचे लातूरचे, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. बेंजोची पट्टी बदलावयाची तर सुराच्या आणि साथीच्या सर्व तारा एकेक करून पिळाव्या लागतात. चालत्या मिरवणुकीत हे अशक्यप्राय असते आणि तार तुटण्याचे भय वेगळेच.

कॅसेटच्या काळात पट्टीबदलाचा आणखी एक धडा घरोघर मिळत होता, तोही फुकट. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणे संथ होई आणि त्याबरोबर खालच्या पट्टीतही जाई. फितीच्या गतीशी स्वराची उंची बांधलेली असते. पाच मिनिटांचे गाणे केवळ गती वाढवून तीन अर्धस्वर वर न्यावयाचे तर ते 4 मिनिटे 12 सेकंदांत संपते. गती कायम ठेवून स्वर हलविणे, हाच तंत्रज्ञानापुढील खरा प्रश्न होता. इव्हेंटाइड कंपनीच्या 1975 मधील हार्मोनायझरने तो व्यावसायिक ध्वनिमुद्रण कक्षांपुरता सोडविला. त्या यंत्राची किंमत सामान्य वादकाच्या विचारापलीकडची होती.

मराठवाड्यातील वादकाला दिलासा मिळाला तो कॅसिओ व यामाहाच्या कीबोर्डवरील ट्रान्सपोज बटणाने. स्केल चेंजर पेटीचे काम एका बोटाच्या दाबात होऊ लागले. जुन्या पेटीवाल्यांनी या बटणाची हेटाळणी केली आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. बारा पट्ट्यांतून बोटे फिरविण्याची विद्या मागे पडली. तथापि गायिकेला तिची काळी चार न मागता मिळू लागली, हेही नाकारता येत नाही. या दोहोंत दुसऱ्या गोष्टीचे पारडे जड मानावे लागेल.

गिटार आणि परवडणारे पेडल

गिटारची अडचण वेगळी आहे. तिचे सोपे, खुल्या तारांचे कॉर्ड ई, डी, सी, जी अशा स्वरांचे. गायक मात्र काळी एक वा काळी दोन मागतो. वर जाण्यासाठी कॅपो हा अल्प किमतीचा चिमटा पुरतो. खाली येण्यासाठी तो निरुपयोगी. दर गाण्याला सहा तारा सैल कराव्या लागतात. पिच शिफ्टरचे स्थान येथे आहे. ई चे कॉर्ड धरून यंत्र एक अर्धस्वर खाली लावले की काळी दोन मिळते.

अशा यंत्रांत मूलभूत भेद एक स्वर ओळखणारे आणि अनेक स्वर एकदम हलविणारे, असा आहे. जुन्या यंत्रांत कॉर्ड वाजविला की नाद विस्कटत असे. व्हॅमीच्या 2012 मधील पाचव्या आवृत्तीत कॉर्डची सोय आली. 2014 मध्ये आलेले डिजिटेकचेच ड्रॉप हे तर संपूर्ण वाद्य खाली उतरविण्यासाठीच बनविलेले आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पिच फोर्क त्याच वर्षीचे. मूअरच्या पिच बॉक्ससारखी छोटी पेडले आणि झूमची बहुउपयोगी यंत्रे त्यांहून स्वस्त पडतात. वराती, जयंत्या व गणेशोत्सव यांच्या हंगामावर ज्याची कमाई अवलंबून आहे, त्याने एकच काम करणारे महाग पेडल घ्यावे की अनेक इफेक्ट असलेले स्वस्त यंत्र, याचे उत्तर तो एक सूर वाजवितो की कॉर्ड, यावर आहे. केवळ सुरावट वाजविणाऱ्यास स्वस्त यंत्र पुरते. कॉर्डची साथ करणाऱ्यास ते दगा देते. बेंजोवादकाची गरज दुसऱ्या वर्गात मोडते, कारण त्याच्या साथीच्या ताराही सुराबरोबर सरकल्या पाहिजेत.

स्वर ओळखण्यास यंत्राला वेळही लागतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनास सुमारे 12 मिलिसेकंद लागतात आणि निदान तेवढे ऐकल्याखेरीज यंत्राला त्या स्वराचा नीट अदमास येत नाही. एवढ्या अवधीत ध्वनी हवेतून साधारण चार मीटर जातो. स्पीकरपासून चार मीटर दूर उभे राहून वाजवावे, तसा हा उशीर होय. एक-दोन अर्धस्वरांपुरता बदल कानाला खपतो. चार-पाचनंतर नादाचा मूळ पोत हरवून तो कृत्रिम वाटू लागतो. पेडल डिस्टॉर्शनच्या आधी, स्वच्छ स्वर मिळेल अशा जागी जोडणे इष्ट. डिजिटल पेडलला वीजही अधिक लागते; नऊ व्होल्टची बॅटरी कार्यक्रम संपण्यापूर्वीच उतरू शकते आणि हलक्या अॅडाप्टरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते.

आणखी एक अडचण यंत्राच्या किमतीने सुटत नाही. पेडल केवळ स्पीकरमधील नाद बदलते, तारेचा मूळ नाद आहे तेथेच राहतो. मिरवणुकीच्या गोंगाटात तो कोणाला ऐकू जात नाही. परंतु मंदिराच्या सभामंडपात, पोकळ लाकडी गिटार घेऊन भजनाची साथ करताना मूळ स्वर आणि अर्धा स्वर उतरलेला स्वर शेजारी शेजारी वाजतात आणि पहिल्या रांगेतील श्रोत्यांना दोन पट्ट्या एकदम ऐकू येतात. तेथे पेडल बाजूला ठेवून तारा हातानेच अर्धा स्वर उतरवाव्या लागतात आणि त्या दोन मिनिटांत टाळकऱ्यांना गजर चालू ठेवावयास सांगावे लागते.