शौचास वेळेवर नेणे : वृद्धशुश्रूषेच्या इतिहासातील एक प्रश्न

वृद्ध माणसाचा मलमूत्रावरील ताबा सुटला की तो वार्धक्याचाच परिणाम होय, असे आपण सहज मानतो. वृद्धशुश्रूषेचा इतिहास मात्र निराळे सांगतो. पुष्कळदा ही अवस्था वयामुळे नव्हे, तर मदत उशिरा आल्यामुळे ओढवते.

१९३५ साली लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या दरिद्रगृहाचा रुग्णविभाग आपल्याकडे घेतला आणि तेथील ७१४ रुग्णांचा भार डॉ. मार्जरी वॉरेन यांच्यावर आला. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या यांपैकी अनेकांची रीतसर तपासणीही झालेली नव्हती. वॉरेन यांनी रुग्णांचे पाच गट पाडले. अंथरुणास खिळलेले पण ताबा असलेले हा त्यांतील एक गट, आणि ताबा सुटलेले हा दुसरा. या दोहोंमधील अंतर फार थोडे असते. पडून राहणाऱ्याचे सांधे आखडतात, शौचकूपापर्यंत चालवत नाही. हाक मारावी, तर परिचारिका येईपर्यंत वेळ निघून जाते. अंथरूण भिजते आणि रुग्णाची गणना दुसऱ्या गटात होऊ लागते. वॉरेन यांचा सारा भर रुग्णास उठविण्यावर व चालविण्यावर होता, तो उगाच नव्हे. (वृद्धाश्रमात भेटीस गेलेल्या पाळकासही, समोरचा वृद्ध प्रार्थनेच्या मध्येच अस्वस्थ का होतो, हे यावरून उमजावे.)

१९६२ साली डोरीन नॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शय्याव्रणांचा धोका मोजण्यासाठी ज्या पाच कसोट्या मांडल्या, त्यांत या ताब्याचाही समावेश होता.

पुढे अमेरिकेतील शुश्रूषागृहांत एक साधी पद्धत अजमावण्यात आली. दर दोन तासांनी वृद्धाजवळ जाऊन, शौचास जावयाचे आहे काय, असे विचारावे व होकार मिळताच न्यावे. अंथरुणे भिजण्याचे प्रमाण घटले. यास औषध लागले नाही, माणसे लागली. आणि तीच महाग! १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्यान्वये झालेल्या नियमांनी, शक्य तेथे हा ताबा टिकविणे व परत मिळवून देणे ही शुश्रूषागृहाची जबाबदारी ठरविली.

प्रश्न अखेर खर्चाशी येतो. लंडनमध्ये स्वतःच्या घरी राहणाऱ्या, ताबा शाबूत असलेल्या एका स्त्रीस रात्री कमोडवर बसविण्यासाठी मदतनीस देण्याऐवजी स्थानिक प्रशासनाने ओलावा शोषणारे पॅड देऊ केले. २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने प्रशासनाचा निर्णय उचलून धरला. विरोधी मत लेडी हेल यांचे होते. २०१४ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, गरजेचे नवे मूल्यमापन न करताच मदत नाकारली गेली त्या सुमारे वर्षभराच्या काळापुरता, तिच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले. त्यापुढील काळाविषयीची तिची तक्रार मात्र फेटाळली गेली.