प्राचीन मंदिराचे संगणकीय दृश्य आणि दृश्यसाधनांची चिकित्सा : अंबरनाथच्या शिवमंदिराच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर प्राचीन वास्तू उभी करण्याचे तंत्र गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने विकसित झाले आहे. वस्तुसंग्रहालये, माहितीपट, दृक्श्राव्य खेळ आणि वर्गातील अध्यापन अशा विविध क्षेत्रांत या तंत्राचा वापर होतो. पुण्यातील एका संस्थेने तयार केलेला व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा संगणकीय खेळ राजस्थानची वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांवरून प्रेरणा घेऊन घडविण्यात आला. असा खेळ कल्पित कथा सांगतो. त्यामुळे त्यात निरनिराळ्या काळांचे मिश्रण झाले तरी ते क्षम्य ठरते. परंतु ‘अमुक मंदिर अमुक शतकात असे दिसत होते’ असा दावा करणारे दृश्य हे इतिहासविषयक विधान असते. ते विधान शब्दांऐवजी चित्रातून केलेले असले तरी त्याला पुराव्याची अट लागू होते.

लिखित इतिहासात ‘बहुधा’, ‘संभवतः’, ‘अनुमानाने’ असे शब्द वापरून अभ्यासक आपल्या विधानाची मर्यादा सूचित करू शकतो. चित्रात मात्र ‘बहुधा’ काढता येत नाही. उपलब्ध असलेला दगड आणि कल्पनेने बसविलेला दगड पडद्यावर सारखाच खरा दिसतो. विद्यार्थी ते दृश्य पाहतो आणि तेच त्याच्या स्मरणात राहते. म्हणूनच असे दृश्य रचण्यापूर्वी कोणती दृश्यसाधने गोळा करावीत आणि त्यांची विश्वसनीयता कशी ठरवावी, हा इतिहासाच्या अध्यापकांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील शिवमंदिराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

काळाचा निश्चय : एका अंकाचे महत्त्व

कोणतेही ऐतिहासिक दृश्य रचताना पहिला निर्णय काळाचा असतो. अंबरनाथच्या मंदिरात उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर कोरीव लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शकवर्ष ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवून दिले. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी राजाचा हा काळ होय. लेखात त्याचा पूर्वाधिकारी छित्तराज याचाही उल्लेख येतो.

हा फरक केवळ एका अंकाचा असला तरी दृश्याच्या दृष्टीने तो दोनशे वर्षांचा आहे. पहिले वाचन ग्राह्य धरले, तर मंदिर इ. स. ८६० च्या सुमारास, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याच्या कारकीर्दीत जाऊन पडते. मग आधारासाठी वेरूळच्या कैलास लेण्याची परंपरा डोळ्यांपुढे ठेवावी लागते. दुसरे वाचन स्वीकारले, तर माळव्यातील परमारांची आणि दख्खनमधील यादवांची मंदिरे ही तुलनेची साधने ठरतात. स्तंभ, शिखर, मूर्तींचे अलंकार व वेशभूषा या सर्वांची निवड त्यानुसार बदलते. दृश्यसाधनांचा संग्रह करण्यापूर्वी अभिलेखाचे अचूक वाचन का आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

प्रत्यक्ष अवशेष : प्रथम दर्जाचे साधन

वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात बांधलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपाला पश्चिमेप्रमाणेच उत्तरेस व दक्षिणेसही प्रवेशद्वारे आहेत. मंडपातील चार मध्यवर्ती स्तंभांवर दाट कोरीव काम असून त्यांच्या वर घुमटाकार छत आहे. गर्भगृह मंडपाच्या पातळीपेक्षा खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नसल्यामुळे गर्भगृहात वरून आकाश दिसते.

यातील प्रत्येक गोष्टीचा दृश्यरचनेवर परिणाम होतो. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने मावळतीचा प्रकाश मुख्य द्वारातून आत येतो. पूर्वाभिमुख मंदिरासाठी तयार केलेली सकाळची प्रकाशयोजना येथे चुकीची ठरेल. गर्भगृहात आज जो उजेड दिसतो तो शिखराच्या अभावाचा परिणाम आहे. शिखर पूर्ण मानले, तर गर्भगृह जवळजवळ अंधारे व दिव्यांच्या उजेडावर अवलंबून असले पाहिजे. आजच्या छायाचित्रावरून उजेड उचलणे आणि पडद्यावर शिखर पूर्ण करणे या दोन गोष्टी एकाच दृश्यात सुसंगत ठरत नाहीत.

येथे अधिक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. शिखराचा वरचा भाग पडला, की तो कधी पूर्णच झाला नव्हता? केवळ उरलेल्या बांधकामावरून याचा निर्णय देता येत नाही. अशा वेळी दृश्यकाराने एकच पर्याय निवडून मोकळे होण्याऐवजी दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे दाखविणे अधिक प्रामाणिक ठरते.

समकालीन मंदिरे व शिल्पग्रंथ

अंबरनाथचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावर खालून वर जाणाऱ्या लता असतात. दोन लतांमधील भागात लहान लहान शिखरप्रतिकृतींच्या उभ्या ओळी असून त्या वर जाताना क्रमाने आकुंचित होत जातात. या क्रमबद्धतेमुळे खालच्या उपलब्ध थरांवरून वरच्या थरांचे अनुमान काही प्रमाणात करता येते.

त्यासाठी तुलनेची मंदिरे निवडताना मात्र तारतम्य हवे. मध्य प्रदेशातील उदयपूर येथील उदयेश्वर मंदिराचे काम १०५९ मध्ये सुरू होऊन १०८० मध्ये त्यावर ध्वज चढला, असे अभिलेखांवरून दिसते. परमार राजा उदयादित्य याने बांधविलेले हे मंदिर काळाने अंबरनाथच्या अगदी जवळचे आहे आणि त्याचे भूमिज शिखर सुस्थितीत आहे. परंतु ते वालुकाश्मात बांधलेले आहे. सिन्नर येथील गोंदेश्वर हे यादवकालीन पंचायतन मंदिर काळाने उत्तरकालीन असले, तरी दख्खनच्या काळ्या पाषाणातील असल्याने पोत व कोरीव कामाच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. तेव्हा शिखराचे प्रमाण ठरविताना उदयेश्वर आणि पाषाणाचा पोत ठरविताना गोंदेश्वर, असा विभागून आधार घेणे शास्त्रीय ठरेल. गोंदेश्वरभोवतीची चार उपमंदिरे व आवारभिंत मात्र अंबरनाथच्या दृश्यात सरसकट आणून बसविता येणार नाहीत.

राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात भूमिज प्रासादांचे वर्णन आहे. भोपाळजवळील भोजपूर येथे अपूर्ण मंदिराच्या परिसरात खडकावर कोरलेली वास्तुरेखाटनेही उपलब्ध आहेत. ॲडम हार्डी यांनी या ग्रंथाचा आणि रेखाटनांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. अकराव्या शतकातील स्थपती आपल्या डोळ्यांपुढे आकृती कशी मांडत असे, याचा हा दुर्मीळ पुरावा होय. तथापि ग्रंथ आदर्श सांगतो, तर कारागीर उपलब्ध दगड, पैसा व स्थानिक परंपरा यांनुसार काम करतो. म्हणून ग्रंथातील प्रमाण प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

वसाहतकालीन चित्रे व नोंदी

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पश्चिम भारतातील प्राचीन वास्तूंची रेखाटने होऊ लागली. पुण्यात जेम्स वेल्स या चित्रकाराबरोबर काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल याने वेरूळची चित्रमाला प्रसिद्ध केली. अंबरनाथबाबत १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील टेरी यांच्या देखरेखीखाली रेखाटने, छायाचित्रे व साचे तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८७४ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त या मंदिराविषयी सचित्र लेख आला. हेन्री कझिन्स यांचा दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही साधने मौल्यवान आहेत, कारण त्यानंतरच्या काळात झिजलेले वा नष्ट झालेले तपशील त्यांत सापडण्याची शक्यता असते. मात्र त्यांचे स्वरूप एकसारखे नाही. रम्य भग्नावशेषांची आवड असलेल्या युरोपीय चित्रकारांच्या कृतींत पडकी भिंत, तिच्यावर वाढलेली झाडी, नाट्यमय ढग आणि आकार दाखविण्यासाठी ठेवलेल्या लहान मानवाकृती वारंवार आढळतात. साचा व मोजमापाचे रेखाटन यांचा हेतू निराळा असतो. आजच्या संगणकीय दृश्यांतही ‘प्राचीन मंदिर’ म्हटले की वेलींनी वेढलेली, धुक्यात बुडालेली वास्तू येते. ही प्रतिमा अकराव्या शतकातील नसून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभिरुचीतून आलेली आहे. इ. स. १०६० मध्ये अंबरनाथचे मंदिर भग्न नव्हते. ते नवे होते, त्याच्या दगडावर टाकीच्या खुणा ताज्या होत्या आणि तेथे नित्य पूजा चालत होती.

रंग, वनस्पती व परिसर

रंगाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. वेरूळच्या कैलास लेण्यावर लेपाचे व चित्रांचे अवशेष आहेत. त्यावरून आज उघडा दिसणारा दगड पूर्वी सर्वत्र उघडाच होता, असे गृहीत धरता येत नाही. मात्र तेवढ्यावरून अंबरनाथच्या भिंती रंगविलेल्या होत्या, असेही म्हणता येणार नाही. तंजावरच्या १०१० मधील बृहदीश्वर मंदिरात नायककालीन चित्रांखाली दडलेली चोळकालीन भित्तिचित्रे १९३१ मध्ये उजेडात आली. त्यांत चिदंबरमचे नटराज मंदिर व तेथील उपासक चित्रित आहेत. अकराव्या शतकातील चित्रकाराने रंगविलेले मंदिर म्हणून त्यांचे महत्त्व मोठे असले, तरी ते तमिळ प्रदेशातील आहे, याचे भान ठेवावे लागते.

परिसराच्या चित्रणात कालविपर्यास सर्वाधिक होतो. मंदिराच्या अंगणात देवचाफा आणि दारावर झेंडूचे तोरण हे आज स्वाभाविक वाटते. परंतु या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील असून युरोपीयांच्या सागरी संपर्कानंतर भारतात रुजल्या. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. इ. स. १०६० च्या दृश्यात यांना स्थान नाही. तेथे बेल, वड, पिंपळ, बकुळ, सोनचाफा, कण्हेर व कमळ शोभतील. त्याचप्रमाणे दगडी दीपमाळ, नगारखाना आणि नऊवारी लुगड्यातील स्त्रिया हे मराठा काळाचे संस्कार आहेत. शिलाहारकालीन वेशभूषेसाठी मंदिराच्या बाह्यभिंतीवरील मूर्ती हेच जवळचे साधन होय. त्यांतही देवता व अप्सरा यांचे अलंकार सामान्य भाविकांच्या अंगावर चढवू नयेत.

ज्या मंदिरांना समाज ‘प्राचीन’ मानतो, त्यांच्याबाबतही क्षेत्र आणि वास्तू यांत भेद करावा लागतो. त्र्यंबकेश्वराची आजची वास्तू पेशवेकालीन आहे, तर घृष्णेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकर यांच्या काळातील पुनर्बांधणीचे फळ आहे. क्षेत्राचे प्राचीनत्व वास्तूला देऊन तिची छायाचित्रे प्राचीन दृश्यासाठी वापरणे योग्य नव्हे.

पारदर्शकतेची आवश्यकता

संगणकीय पुनर्रचनेतील या अडचणी ध्यानात घेऊन २००६ मध्ये ‘लंडन सनद’ तयार झाली. कोणता भाग पुराव्यावर व कोणता अनुमानावर आधारलेला आहे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे आणि निर्णयांमागील कारणांची नोंद ठेवली पाहिजे, असे तिचे सार आहे. आभासी पुरातत्त्वविषयक ‘सेव्हिल तत्त्वां’नीही याच दिशेने भर दिला. भारतातही हंपीच्या संदर्भात केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने संगणकीय वारशाचा प्रकल्प राबविण्यात आला आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशातील तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

महाविद्यालयीन पातळीवर यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. दृश्यातील प्रत्येक घटकासमोर साधनाचे नाव, त्याचा काळ, प्रदेश आणि विश्वसनीयतेची प्रत लिहिलेले कोष्टक विद्यार्थ्यांकडून तयार करून घेता येईल. अवशेष, समकालीन तुलना, ग्रंथाधार आणि निव्वळ अनुमान अशा चार प्रती मानून पडद्यावर त्यांना चार निरनिराळ्या छटा देता येतील. असे कोष्टक भरताना विद्यार्थ्याला इतिहासलेखनाची पद्धती आपोआप आत्मसात होते.

निष्कर्ष

१. संगणकीय दृश्य हे इतिहासविषयक विधान असून त्याला साधनचिकित्सा आवश्यक आहे.

२. काळ व प्रदेश निश्चित झाल्याशिवाय दृश्यसाधनांचा संग्रह करू नये. अंबरनाथच्या लेखातील शकवर्षाचे वाचन हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

३. वसाहतकालीन चित्रे वापरताना त्यांतील नोंद आणि अभिरुची वेगळी करावी.

४. वनस्पती, वेशभूषा, उजेड व परिसर यांनाही वास्तूइतकीच कालसुसंगतीची कसोटी लावावी.

५. जे अज्ञात आहे ते दृश्यात अज्ञात म्हणूनच दिसले पाहिजे. अंबरनाथचे शिखर पडद्यावर पूर्ण करणे तंत्रज्ञाला सहज शक्य आहे. त्यातील किती दगड आपल्याला खरोखर ठाऊक आहेत, हे सांगण्याची जबाबदारी मात्र इतिहासाच्या अभ्यासकाची आहे.