पोपटाला मिरची तिखट का लागत नाही? आणि त्याचा आपल्या दुखण्याशी काय संबंध?

मिसळीचा लालभडक रस्सा पोटात गेला की सदाशिव पेठेतल्या अट्टल खवय्याच्याही नाकाडोळ्यांतून पाणी येतं. पोपट मात्र हिरवी मिरची मजेत खातो. हा फरक सवयीचा नाही, शरीरातल्या एका प्रथिनाचा आहे. आणि वेदनाशामक औषधं शोधणाऱ्यांना त्याच प्रथिनात रस आहे.

तिखट ही चव नाहीच!

गोड, आंबट, खारट, कडू या चवी. तिखट ही मात्र वेदना असते. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन दारासारखं काम करतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता लागली की ते उघडतं आणि मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं. २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

मग पक्ष्यांचं काय?

२००२ मध्ये ज्युलियस आणि स्वेन-एरिक जॉर्ड यांनी कोंबडीतलं हेच प्रथिन तपासलं. उष्णतेने दार उघडलं, कॅप्सेसिनने नाही. म्हणजे पक्ष्यांना चटका कळतो, मिरची कळत नाही. यात मिरचीचाही फायदा आहे. उंदराच्या दाताखाली बी चिरडतं, पण अनेक पक्ष्यांच्या पोटातून ते शाबूत बाहेर पडून दूरवर रुजतं.

हे दार बंदच केलं तर?

औषध कंपन्यांनी तसा प्रयत्न केला. पण चाचण्यांमध्ये काहींना ताप चढला, काहींना गरम वस्तूचा चटका नीट कळेना. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, त्याला पूर्ण झोपवणं धोक्याचं. म्हणून उलटा मार्ग कामी आला. भरपूर कॅप्सेसिन दिलं की नसांची टोकं काही काळ थंडावतात. ८ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली, ती नागीण बरी झाल्यावरही मागे राहणाऱ्या वेदनेसाठी. एकदा लावल्यावर आराम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो.

विंचू खाणारा उंदीर

अमेरिकेच्या वाळवंटातला ग्रासहॉपर माऊस विषारी विंचू खातो. विंचवाचं विष त्याच्या नसांतल्या एनएव्ही १.८ या सोडियमच्या वाटेला अडवतं आणि वेदनेचा निरोप थांबतो, असं २०१३ मध्ये दिसलं. माणसातली हीच वाट अडवणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते उंदरापासून बनवलेलं नाही, पण दोघांचं लक्ष्य एकच.

एक सावधगिरी : हे वाचून दुखऱ्या जागी घरातली मिरची चोळू नका. ती पट्टी मोजून बनवलेली असते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावतात.